आधी आकडा सांगा

“पप्पा, आपण कधी फॉरेनले जाऊ?” या प्रश्नाची मलकापुरातल्या बापाकडे तीन उत्तरं ठरलेली आहेत. दहावी होऊ दे. कापसाला भाव येऊ दे. आणि तिसरं, बघू.

चौदा-पंधरा वर्षांच्या पोराला या तिन्हींचा अर्थ बरोबर कळतो. पैशाबद्दल या घरात आपल्याशी कोणी बोलणार नाही, एवढाच तो अर्थ. मग पोरगं गप्प होतं आणि वर्गातल्या कुणाचं बँकॉकचं स्टेटस बघत पडून राहतं. आपल्याला वाटतं विषय संपला. खरं तर तिथून पुढे ते आपल्याला फारसं काही विचारत नाही, आणि हे सहलीपुरतंच राहत नाही.

या उन्हाळ्यात किंवा पुढच्या उन्हाळ्यात मुलांना परदेश दाखवावा असं ज्यांच्या मनात आहे, त्यांच्याशी आज चार गोष्टी बोलायच्या आहेत. ठिकाणांची यादी मी देणार नाही, ती मुलांकडे तुमच्याआधी पोचलेली असते.

पहिलं उत्तर आधी घेऊ. दहावी झाल्यावर मूल मोकळं असतं हा आपल्या पिढीचा हिशेब. आता मार्चमध्ये शेवटचा पेपर झाला की एप्रिलपासून अकरावीचे फाउंडेशन वर्ग सुरू होतात. अकोल्याला जायचं, संभाजीनगरला, लातूरला की पुण्याला, यावर घराघरात बैठका भरतात. मेमध्ये निकाल लागतो. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश साऱ्या राज्यात ऑनलाइन झालेत, म्हणजे अर्ज, पसंतीक्रम, फेऱ्या आणि प्रत्येक पायरीला मोबाइलवर येणारा ओटीपी. ज्याच्या मोबाइलवर तो येणार तो बाप नेपाळात पोखऱ्याच्या तलावात नावेत बसलेला असेल तर नावेतली सहल कशी होईल सांगा. त्यात पोरगं जूनअखेर हॉस्टेलला गेलं की पुढची दोन वर्षं ते दिवाळीला चार दिवस घरी येणार. म्हणून मला विचाराल तर आठवीनंतरचा किंवा नववीनंतरचा उन्हाळा धरा. दहावीनंतरच्या उन्हाळ्यावर भिस्त ठेवू नका.

तारखांचंही आपल्याकडे वेगळंच आहे. बाकीच्या महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्याला उघडतात, आपल्या विदर्भात उन्हामुळे जूनच्या शेवटच्या आठवड्यात. टूरवाला लगेच सांगतो, पंधरा जूननंतर निघा, स्वस्त पडेल. पण ज्यांचं घर शेतीवर, कृषी केंद्रावर किंवा जिनिंगवर चालतं त्यांना ऐन मृगात गाव सोडता येतं का? बियाणं-खतांच्या रांगा, पेरणीची घाई, सालदाराचा हिशेब. त्याच्या अलीकडे आखाजी आणि लगीनसराई. घरातल्या बाईचं वाळवण राहिलंच, कुरडया आणि पापड काही विमानाची वेळ बघून वाळत नाहीत. परीक्षा आता एप्रिलअखेरपर्यंत चालतात. एवढं सगळं वजा केलं की मेच्या पहिल्या आठवड्यापासून वीस-बावीस तारखेपर्यंतचे पंधरा-सतरा दिवस हाती उरतात, आणि त्यातही कोणत्या तरी पुतणीचं लग्न असतंच. ही वजाबाकी मुलाला बसवून त्याच्यासमोर करा. आपल्या घराचं वर्ष कसं चालतं हे त्याला सांगायची याहून बरी वेळ मिळायची नाही.

आता आकडा. एका संध्याकाळी, टीव्ही बंद करून, दोघांनी मिळून सांगायचं की या सहलीसाठी आपल्याकडे इतके रुपये आहेत. सत्तर हजार असतील तर सत्तर हजार, तीन लाख असतील तर तीन लाख. हे पैसे कुठून आले तेही सांगायचं. आईने भिशीतून साठवले, मागच्या हंगामात सोयाबीन विकून उरले, पप्पांचा बोनस आहे. यातून जे बसेल तिथे जाऊ. आणि मग वही त्याच्या हातात द्यायची.

पालक इथे अडखळतात. “पोराने बाहेर सांगितलं तर?” सांगेल एखाद्या मित्राला. त्याने आभाळ कोसळत नाही. “कमी आहेत म्हणून वाईट वाटलं तर?” वाटेल, दोन दिवस. पण जे मूल आज वीस हजाराच्या फोनसाठी रुसतं, त्याला हजार रुपये कशाला म्हणतात हे कधी कळलं असेल? दुरून पाहणाऱ्याला सगळेच आकडे सारखे दिसतात. हातात वही आली की तेच मूल विचारतं, “मम्मी, बारा वर्षांवर विमानात पूर्ण तिकीट लागते?” हो, लागतं. किशोरवयीन मुलं असली की चौघांची चार पूर्ण तिकिटं, आणि बऱ्याच हॉटेलांत चार मोठी माणसं. आपण लहानपणापासून ‘मुलाचं अर्धं’ धरत आलो, ती सवय या वयात मोडते.

वहीत पहिला खर्च पासपोर्टचा लिहायला लावा. छत्तीस पानांच्या साध्या पासपोर्टला मोठ्या माणसाचे १,५०० रुपये, अठराच्या आतल्याचे १,०००. दोघं मोठे, दोघं लहान म्हणजे ५,००० रुपये झाले. इथे एक बारकावा आहे. अज्ञान मुलाचा पासपोर्ट पाच वर्षांचा किंवा अठरा पूर्ण होईपर्यंतचा, यातलं जे आधी येईल तेवढाच. चौदाव्या वर्षी काढला तर अठराव्याला संपतो. पंधरा पूर्ण झालेल्या मुलाला मात्र १,५०० रुपये भरून दहा वर्षांचा घेता येतो, पुढे कॉलेजातही तोच चालतो. मुलाचा पंधरावा वाढदिवस महिन्या-दोन महिन्यांवर असेल तर तेवढं थांबायला हरकत नाही. अर्जासोबत आई आणि वडील दोघांच्या संमतीच्या सह्या लागतात. आणि आपल्या घरांतली जुनी अडचण म्हणजे आईचं नाव. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं, आधारवर सासरचं, मुलाच्या जन्मदाखल्यात तिसरंच काहीतरी. ही गाठ सोडवायला किती दिवस लागतील याचा भरवसा नसतो, म्हणून कागद दिवाळीच्या सुट्टीतच काढून बघा. कागदांची ती फाइलही मुलाच्याच ताब्यात द्या. सोळा वर्षांच्या मुलीला स्वतःच्या आईचं पूर्ण नाव कागदोपत्री काय आहे हे पहिल्यांदा तिथेच कळतं, असं मी पाहिलं आहे.

दुसरा खर्च व्हिसाचा. युरोपच्या शेंगेन व्हिसाची फी २०२४ पासून मोठ्या माणसाला ९० युरो आहे, सवलत बाराव्या वर्षापुढे नाही. बोटांचे ठसे द्यायला सगळ्यांनी जायचं, म्हणजे रात्री विदर्भ एक्स्प्रेस, सकाळी मुंबई, दुसऱ्या दिवशी परत. हे सगळं लिहून झालं की स्वित्झर्लंडचं काय करायचं ते मुलं स्वतःच सांगतात. थायलंड, मलेशिया, कझाकस्तान इथे अलीकडे भारतीयांना थोड्या दिवसांसाठी व्हिसाशिवाय जाता येऊ लागलं आहे. पण हे नियम सरकारं वर्षा-सहा महिन्यांत बदलतात, त्यामुळे तिकीट काढायच्या दिवशी त्या देशाच्या दूतावासाची माहिती पुन्हा बघायची. दुबईबद्दल विचारत असाल, तर मेमध्ये मलकापूरहून दुबईला जाणं म्हणजे चुलीजवळून उठून भट्टीजवळ बसणं आहे.

माझं मत सरळ आहे. पहिल्या परदेशी सहलीला, मुलं या वयाची असताना आणि खिशात बेताचे पैसे असताना, नेपाळला जा. हा काही कमी प्रतीचा परदेश नाही. घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करावं लागतं, नोट बदलते, शंभर रुपयांचे एकशे साठ नेपाळी रुपये होतात, आणि हिशेब करता करता मुलांचं गणित नीट होतं. भुसावळहून गोरखपूरला थेट गाड्या आहेत, कुशीनगर आहे, काशी आहे. गोरखपूरहून रस्त्याने सोनौलीची सरहद्द, पलीकडे भैरहवा, आणि तिथून थोड्याच अंतरावर लुंबिनी. आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं, म्हणजे मेच्या पहिल्या आठवड्यात निघायचं तर मार्चच्या सुरुवातीला सकाळी आठला पोरांनी मोबाइल घेऊन बसायचं. ही नोकरी त्यांची.

लुंबिनीला आपल्याकडची बरीच घरं श्रद्धेने जातात. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दीक्षा झाली आणि पुढच्याच महिन्यात बाबासाहेब, तब्येत खालावलेली असताना, जागतिक बौद्ध परिषदेसाठी काठमांडूला गेले. बुद्ध आणि कार्ल मार्क्स यांच्यावरचं त्यांचं भाषण तिथलंच. ६ डिसेंबरला ते गेले. ही तारखांची साखळी मुलांना गाडीतच सांगा, लुंबिनीत मग वेगळं सांगावं लागत नाही. ज्यांच्या घरी ती श्रद्धा नाही त्यांच्या मुलांनाही तिथला अशोकस्तंभ दाखवाच. बुद्ध इथे जन्मले म्हणून अशोकाने या गावाचा कर माफ केला आणि पिकातला वाटा आठव्या हिश्श्यावर आणला, असं त्यावर कोरलेलं आहे. अडत्याच्या पोराला हा शिलालेख कळायला गाइड लागणार नाही. मात्र मेमध्ये लुंबिनीत ऊन आपल्यासारखंच असतं, चितवनलाही. पहाटे बघून घ्या आणि वर सरका. काठमांडू चौदाशे मीटरवर आहे, तिथे जीव थंड होतो. पोखऱ्यात मे महिन्यात डोंगर धुरकट असतात, अन्नपूर्णेची रांग एखाद्या सकाळी दिसते, एखाद्या सकाळी नाही. हेही मुलांना आधी सांगून ठेवा. इंटरनेटवरचे निळे-पांढरे फोटो बहुतेक ऑक्टोबर-नोव्हेंबरचे असतात.

आता जी गोष्ट तुमच्यातल्या अनेकांच्या मनात नेपाळचं नाव काढताच आली असेल, ती बोलूनच टाकू. २०२४ च्या ऑगस्टमध्ये वरणगाव-भुसावळ भागातल्या भाविकांची बस पोखऱ्याहून काठमांडूला जाताना तनहूँ जिल्ह्यात मर्स्यांगदी नदीत कोसळली. पंचवीसहून अधिक माणसं गेली. ती गावं इथून काही लांब नाहीत, आपल्या नात्यागोत्यातली आहेत. त्याच्या महिनाभर आधी चितवनजवळ दरड कोसळून दोन बस त्रिशूलीत वाहून गेल्या होत्या. दोन्ही घटना पावसाळ्यातल्या. नेपाळात पाऊस साधारण जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पोचतो, आणि म्हणूनच टूरवाल्याचा स्वस्त जून मी तुम्हाला सुचवत नाही. त्या रस्त्यावर दिवसाउजेडीच प्रवास करायचा, रात्रीची बस कितीही सोयीची वाटली तरी नाही. गाडी ठरवताना चालक किती तास सलग चालवणार हे विचारायचं. पोखरा ते काठमांडू छोटं विमानही आहे, पण नेपाळच्या विमानसेवेचा इतिहासही काही निर्धोक नाही. २०२३ च्या जानेवारीत पोखऱ्यातच ७२ जणांचं विमान पडलं. म्हणजे रस्ता की विमान, हा निवडीचा प्रश्न आहे आणि त्याचं एकच बरोबर उत्तर नाही.

हा प्रश्न मुलांसमोर ठेवा. घाबरवायला म्हणून नका ठेवू. आपण मुलांपासून पैसा लपवतो तशी भीतीही लपवतो, आणि मग त्यांना वाटतं की आई उगाच कटकट करते, पप्पांना उगाच रात्री बस नको असते. कारण सांगितलं तर तीच मुलं गाडीत पुढे बसून चालकाच्या डुलक्यांवर नजर ठेवतात. काठमांडूत २०२५ च्या सप्टेंबरमध्ये काय झालं हे त्यांना बहुधा तुमच्याहून जास्त ठाऊक असेल. समाजमाध्यमांवर बंदी आली, तरुण पोरं रस्त्यावर उतरली, गोळीबारात माणसं मेली आणि पंतप्रधानांना राजीनामा द्यावा लागला. जेवताना त्यांना विचारा या आंदोलनाबद्दल. ऐकून घ्या, लगेच उपदेश करू नका.

नेपाळच्या कागदांचा एक गुंता या वयाशीच जोडलेला आहे. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र असलं की आपल्याला जाता येतं. आधार मात्र पंधराच्या आतल्यांना आणि पासष्टच्या वरच्यांनाच चालतं. म्हणजे आजीचं चालतं, धाकटीचं चालतं, आणि सोळा वर्षांच्या दादाचं चालत नाही. पंधरा ते अठरा वयाला मुख्याध्यापकांचं ठरावीक नमुन्यातलं ओळखीचं प्रमाणपत्र चालतं, आणि कुटुंब एकत्र असेल तर फोटो असलेलं शाळेचं ओळखपत्र आणि नातं दाखवणारा कागद, जसं रेशन कार्ड. तरी विमानाने जाणार असाल तर काउंटरवर वाद घालत बसण्यापेक्षा पासपोर्ट बरा. मुख्याध्यापकांकडे जायचं तर एप्रिलमध्येच जा, मेमध्ये शाळेला कुलूप असतं.

भूतानचाही विचार अनेक जण करतात. सुंदर देश आहे, हवा गार. पण तिथे भारतीयांना माणशी, दर रात्रीला १,२०० रुपये शुल्क आहे, सहा ते बारा वयाला निम्मं. तुमची मुलं बाराच्या वर असतील तर चौघांचे पाच रात्रींचे २४,००० रुपये राहणं-खाणं सोडून. वहीवाल्याने हा गुणाकार केला की बोलणं आपोआप पुढे सरकतं.

कंपनीबरोबर जावं की आपलं आपण? १९८४ साली सुरू झालेल्या केसरीने आणि २०१३ साली सुरू झालेल्या वीणा वर्ल्डने मराठी माणसाला बिनघोर परदेशी नेलं, वरण-भातासकट नेलं, हे त्यांचं कामच आहे आणि ते ते चोख करतात. घरातल्या कुणीच कधी विमान पाहिलेलं नसेल तर तसं जायला काहीच कमीपणा नाही. फक्त पहाटे साडेपाचला उठवून बसमध्ये बसवलेलं पंधरा वर्षांचं पोर दिवसभर खिडकीला डोकं टेकून झोपतं, त्याचा राग मानू नका. त्या वयाची झोपच तशी असते, उशिरा येणारी आणि उशिरा जाणारी. पॅकेजच्या रकमेवर टीसीएस नावाचा कर घेतला जातो, त्याचा दर अर्थसंकल्पात बदलत असतो. तो विवरणपत्र भरताना वळता होतो, म्हणून पावती जपून ठेवा. आणि हप्त्यावर सहल घेऊ नका. परत आल्यावर बारा महिने बाप हप्ता भरताना कपाळाला आठ्या घालतो आणि दोष सहलीला लागतो.

मुलींच्या आयांशी एक वेगळं बोलायचं आहे. देवदर्शनाच्या सहलीला निघताना मुलीची पाळी पुढे जावी म्हणून मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणणं आपल्याकडे सर्रास चालतं. काकू घेतात, मावशी घेतात, मग तेरा-चौदा वर्षांच्या पोरीलाही दिली जाते. त्या संप्रेरकाच्या गोळ्या आहेत. वाढत्या वयात त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका, आणि विचारायला जाण्याआधी मुलीलाच विचारा. पशुपतिनाथाच्या दारात त्या दिवशी थांबायचं की आत जायचं हे तिला ठरवू द्या. पॅड इथूनच पुरेसे न्या. घाटात गाडी थांबवायला सांगताना तिला सगळ्यांदेखत कारण द्यावं लागू नये, यासाठी आधीच एखादी खूण ठरवून ठेवली की झालं.

खोलीचंही तसंच. चौघं एका खोलीत बसतात, पैसे वाचतात, हे खरं. पण पंधरा वर्षांची मुलगी, बारा वर्षांचा भाऊ, पप्पांचं घोरणं आणि एकच न्हाणीघर, हे सलग सात रात्री चालत नाही. दोन लहान खोल्या घ्या, एकीत आई आणि मुलगी, दुसरीत बाप आणि मुलगा. एक जेवण साधं करा त्याबदल्यात. वहीवाल्याला विचारा, तो हिशेब बसवून देईल.

मोबाइल काढून घेऊ नका. नकाशा त्याच मोबाइलवर असतो, खोलीची पावतीही त्यातच. फक्त एक ठरवा, की घराला कुलूप असेपर्यंत स्टेटस नाही, फोटो परत आल्यावर टाकायचे. आणि हा नियम पप्पांनाही लागू. मलकापुरात पप्पांचं स्टेटस मुलांच्या आधी पडतं हे आपल्याला ठाऊक आहे.

सगळं ठरल्यावर एखादं पोरगं म्हणतं, “तुमचं ठरलंच आहे ना, मंग मले काऊन इचारता?” हे ऐकू आलं तर समजा की आपण वही दिली पण पेन आपल्याकडेच ठेवला. एक दिवस त्याला पूर्ण द्या. तो दिवस कुठे घालवायचा, काय खायचं, किती वाजता उठायचं, सगळं त्याचं. तुम्हाला संग्रहालय बघायचं असेल आणि त्याला तलावाकाठी नुसतं बसायचं असेल तर तलावाकाठी बसा.

आणि सोळा-सतरा वर्षांचा एखादा मुलगा खरंच यायला तयार नसतो. त्याची कारणं असतात, कधी अभ्यास, कधी मित्र, कधी नुसतं तुमच्याबरोबर दिसायचं नसतं. ओढून नेऊ नका, रडारडही नको. आजी घरी असेल तर तिच्याजवळ, नाहीतर मामाकडे राहू द्या. त्याच्या वाट्याचे पैसे किती वाचले ते वहीत लिहा आणि पुढच्या कशासाठी तरी त्याच्या नावाने ठेवा. तिकडून त्याला फोटो जरूर पाठवा, फक्त खाली ‘तू असतास तर’ असं लिहू नका.